जेवणाच्या सुट्टीचा इतिहास



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘जेवणाची सुट्टी’ असे सांगितले. त्यांना वाटले, कामगार चळवळीतला माणूस आहे, कँटीन आणि भत्ते यांवर बोलेल. त्यावर मी बोलणार आहेच. परंतु माझे खरे बोलणे दुसऱ्याच एका सुट्टीविषयी आहे. ज्या माणसांनी आयुष्यभर भोंग्यावर जेवण केले, ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतल्या कित्येकांना सकाळी काय खाल्ले हे दुपारी आठवत नाही. त्यांच्या जेवणाची वेळ कोणी सांभाळायची, हा प्रश्न माझ्या स्वतःच्या घरात उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी इतिहासात जाऊन पोहोचलो. मी काही विद्वान नव्हे. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पुढच्याच वर्षी माझी शाळा सुटली. जे काही वाचले ते रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटात. तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्यावे.

आधी घड्याळाची गोष्ट सांगतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. कोकणातून आणि घाटावरून जो शेतकरी या गिरण्यांत आला, त्याचे पोट तोपर्यंत सूर्यावर चालत असे. न्याहारी शेतावर, दुपारचे जेवण बांधावर झाडाच्या सावलीत आणि रात्रीचे दिवेलागणीनंतर. भूक लागली की काम थांबवावे, यात त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. गिरणीत मात्र काम वाफेच्या यंत्रावर चाले आणि वाफेला भूक लागत नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्र फिरे. म्हणजे उन्हाळ्यात तेरा तासांहून अधिक. शेजाऱ्याने साचा सांभाळायचा आणि आपण कापसाच्या धुळीत बसून चार घास पोटात ढकलायचे, मग त्याचा साचा आपण सांभाळायचा, अशी रीत होती. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि त्यांना विश्रांतीचा एक तास दिला. प्रौढ माणसाच्या पोटाविषयी त्यात अक्षर नव्हते.

ते अक्षर प्रथम लिहिले कामगारांनीच. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा एक अर्ज तयार झाला. लोखंडे म्हणजे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. या अर्जात पाच मागण्या होत्या. रविवारी सुट्टी हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी. आणि दुपारी अर्धा तास सुट्टी असावी. श्रोतेहो, मी हा अर्ज प्रथम वाचला तेव्हा त्या अर्ध्या तासापाशी थबकलो. रविवार सगळ्यांना माहीत आहे. तो १० जून १८९० ला मिळाला आणि लोखंड्यांचे नाव त्याच्याशी जोडले गेले. परंतु अर्धा तास मागताना त्या माणसांनी काय मागितले होते? यंत्र थांबवून, हात धुऊन, खाली बसून जेवण्याचा हक्क मागितला होता. १८९१ च्या कायद्याने तो मान्य केला. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम बंद ठेवलेच पाहिजे, असे ठरले. मागणीपासून कायद्यापर्यंत सात वर्षे लागली.

या अर्ध्या तासात सगळे एकत्र बसून जेवत होते, असे चित्र मात्र रंगवू नये. साचेखात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे. तेव्हा त्यांच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा आम्ही ओढणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. साचेखात्यातच पगार जास्त होता, हेही लक्षात ठेवावे. पाण्याचे माठही वेगळे असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. आमच्या चळवळीने अर्धा तास मिळवला, पण त्या अर्ध्या तासातली पंगत सर्वांची व्हायला फार वेळ लागला. हे मी मुद्दाम सांगतो. कोणाशेजारी बसून जेवायचे, हा प्रश्न पुढे वेगळ्या रूपाने पुन्हा येणार आहे.

आणखी एक गोष्ट. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने हिंदुस्थानभर एकच प्रमाणवेळ चालू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. शहरात त्यावर मोठे वादंग माजले, त्याच महिन्यात गिरणीकामगारांतही दंगा झाला आणि महापालिकेने जुनी ‘मुंबई टाइम’ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. पुष्कळांना हा वेडेपणा वाटतो. मला वाटत नाही. घड्याळाचा काटा हलवला की माणसाचे उठणे, खाणे, झोपणे हलते आणि शरीर सहजासहजी हलत नाही. योगायोग असा की, त्याच १९०६ साली नोव्हेंबर महिन्यात जर्मनीत अलॉइस अल्झायमर या डॉक्टराने एका स्मृती हरवलेल्या बाईची हकीगत वैद्यांच्या सभेत वाचली. आज त्याचेच नाव त्या रोगाला आहे.

पुढचे कायदे भराभर सांगतो. १९११ मध्ये कापडगिरणीतील दिवस बारा तासांचा झाला, १९२२ मध्ये अकराचा, १९३४ मध्ये दहाचा. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवले, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास सुट्टी दिल्यावाचून काम घेता येणार नाही, असे सांगितले. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे कँटीन, दीडशेहून अधिक असतील तेथे डबा खाण्याची जागा, हेही त्याच कायद्यातले. तरीही कायद्याने सुट्टी दिली, जेवण दिले नाही. ते दिले बायकांनी.

गिरणगावात बहुसंख्य पुरुष एकटे राहत. बायकामुले गावी, शेतावर. दहा बाय बाराच्या एका गाळ्यात पंधरावीस माणसे पाळीपाळीने झोपत. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा. त्यांना जेवू घालीत त्या खानावळवाल्या. माझी आई त्यांतली एक. डिलाईल रोडवरच्या चाळीत आमची एक खोली होती. त्या खोलीत चौदा माणसे जेवत. पहिल्या पाळीवाल्यांचे डबे पहाटे पाचला तयार असायचे, कारण सातला गिरणीत हजर व्हायचे. दुसरी पाळी साडेतीनची. ते लोक दुपारी दोनला पितळी मांडून बसत. रातपाळीवाले रात्री दहाला जेवून बाराला जात. भोंगा झाला की चाळीतल्या साऱ्या घरांतून स्टोव्हचे आवाज बदलत. आम्हां मुलांना घड्याळ पाहायला शिकण्याआधी भोंगा ऐकायला येत होता.

आईकडे एक वही होती. तिला लिहिता येत नव्हते, अंक येत होते. प्रत्येक माणसाचे एक पान, पानावर तारखा, आणि जेवण झाले की त्या माणसाने स्वतः तेथे रेघ ओढायची. जो दिवस जेवला नाही तो खाडा. खाड्याचे पैसे पगाराला वजा. रेघ माणसाने स्वतः ओढलेली असल्यामुळे महिनाअखेर भांडण होत नसे. १९७३-७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपात या बायकांनी माणसांना उधारीवर जेवू घातले. त्यांच्या हातून केवढे मोठे काम होते आहे आणि त्या स्वतः सावकाराच्या केवढ्या कर्जात आहेत, हे प्रेमाताई पुरव यांनी पाहिले. गोव्याच्या मुक्तिसंग्रामातून आलेली, कामगार चळवळीत मुरलेली ही बाई. त्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्वयंपाक हाही कामगारांचाच उद्योग आहे, हे आमच्या युनियनांच्या आधी या मंडळाला कळले.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. आईने पाच महिने रेघा ओढू दिल्या, पैसे मागितले नाहीत. मग तांदूळ संपले. माणसे गावी गेली. त्यांतल्या एकाने सात वर्षांनी सावंतवाडीकडून मनीऑर्डर पाठवली, तेव्हा आईने ती जुनी वही काढली, त्याचे पान शोधले आणि त्यावर आडवी काट मारली. बाकीची बरीच पाने तशीच राहिली.

माझे वडील साचेवाले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. संपानंतर दोन वर्षांनी त्यांना परत घेतले, काही वर्षांनी गिरणी कायमची बंद झाली, हातात थोडी रक्कम पडली. आज त्यांचे वय त्र्याऐंशी आहे. गिरणीच्या जागेवर काचेचा मनोरा उभा आहे. खाली दुकाने आणि वर कचेऱ्या. गेट तेवढे जुने राहिले आहे.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर चारच महिन्यांत आमच्या लक्षात आले की, तात्यांचे काही तरी बिघडले आहे. शेजारी म्हणाले, धक्क्याने झाले. मला आज वाटते, ते आधीच सुरू झाले होते. आईने ते झाकले होते. तिने मुद्दाम काही केले नाही. ती फक्त अकरा वाजता पितळी मांडीत होती, कारण पहिल्या पाळीत त्यांची सुट्टी अकराला व्हायची. साडेतीनला चहा, सातला भाकरी. ताटावर बसले की हात आपोआप चाले, आणि ज्याला काही विचारावे लागत नाही त्याला काही आठवावेही लागत नाही. आई गेली, वेळापत्रक गेले, आणि विस्मरण उघडे पडले.

आमच्या घरात आता सगळ्यांच्या पाळ्या निराळ्या. माझी पत्नी पोळीभाजी केंद्र चालवते, ती दोनपर्यंत बाहेर. मुलगी नोकरीला. मी तर युनियनचा माणूस. माझ्या जेवणाला कधीच वेळ नव्हती. तात्यांचे जेवण झाकून ठेवून आम्ही निघून जात असू. कधी ते खात, कधी झाकण तसेच राही, कधी खाऊनही ‘मला कोणी जेवायला दिले नाही’ म्हणत. चाळीत हे ऐकू जाई. लोक बोलत. मला लाज वाटे, आणि लाजेचा राग होतो.

एके दिवशी मे महिन्यात मी दुपारी घाईत घरी आलो. तात्या म्हणाले, “मला कोणी जेवायला दिलं नाही.” समोर त्यांचे उष्टे ताट होते. मी म्हणालो, “तात्या, आत्ताच जेवलात तुम्ही! हे ताट कोणाचं? तुमचंच ना? रोज रोज काय हे!” त्यांनी ताटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ते गप्प झाले. चोरी पकडलेल्या पोरासारखे त्यांचे तोंड झाले. मी निघालो. मला सभेला जायचे होते. सभा कशाची होती, सांगतो. कंत्राटी कामगारांना जेवणाची सुट्टी मिळत नाही, म्हणून ती सभा होती.

संध्याकाळी ते घरात नव्हते. तीन तास आम्ही शोधले. ते सापडले त्या जुन्या गेटवर. हातात रिकामा डबा. तेथल्या रखवालदाराला त्यांनी आपला बिल्ला हरवला आहे, आत सोड, असे सांगितले होते. तो पोरगा उत्तरेकडचा, कंत्राटी, बारा तासांची ड्यूटी. त्याने त्यांना हाकलले नाही. आपल्या खुर्चीवर बसवले आणि म्हणाला, “काका, अभी सुट्टी का टाइम है, पहले खाना खा लीजिए.” स्वतःच्या डब्यातल्या दोन चपात्या त्याने त्यांच्यापुढे ठेवल्या. मी पोहोचलो तेव्हा तात्या जेवत होते आणि तो शेजारी उभा होता. त्याला स्वतःला जेवायला बसण्याची सोय नव्हती, कारण त्याच्या जागी उभा राहायला दुसरा माणूसच दिलेला नव्हता. १८८४ चा अर्ज मी शंभर सभांत वाचून दाखवला आहे. त्या दिवशी तो मला प्रथमच वाचता आला.

मग मी वाचायला लागलो. डॉक्टरांना विचारले. जे कळले ते साध्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट, विसरणे सगळे एकाच कारणाने होत नाही. बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, मनाची उदासी, कानाला कमी ऐकू येणे, यांनीही माणूस विसराळू दिसतो आणि त्यांवर उपाय असतो. म्हणून ‘म्हातारपणच आहे’ म्हणून सोडून न देता तपासणी करावी. तात्यांचे बी-बारा कमी निघाले. इंजेक्शने दिली, थोडा फरक पडला, पण मूळ दुखणे राहिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज असा की, भारतात साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. १९८२ च्या संपातल्या माणसांच्या पस्तीसपट ही संख्या भरते.

दुसरी गोष्ट, भूक पोटात असते असे आपण समजतो; ती आठवणीतही असते. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवे काहीच लक्षात राहीना. १९९८ मध्ये पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच स्मृती गेलेल्या दोन माणसांविषयी लिहिले. जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट पुढे ठेवले, तर ती माणसे पुन्हा जेवत. बहुधा तिसऱ्यांदाही सुरुवात करीत. जेवलो ही आठवण नसेल, तर ‘आता पुरे’ असे सांगणारे मोठे साधनच नाहीसे होते. तेव्हा ‘मला जेवायला दिले नाही’ असे म्हातारा म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही, आणि सुनेवर आळही घेत नाही. त्याच्यापुरते ते खरे असते. हे वाक्य मला त्या मे महिन्याआधी कोणी सांगितले असते तर!

तिसरी गोष्ट आशेची आहे. त्याच मोलायसनकडून ब्रेंडा मिल्नर या विदुषीने आरशात पाहून आकृती गिरवण्याचे काम रोज करवून घेतले. आपण हे काल केले, हे त्याला आठवत नसे. तरी हात दिवसेंदिवस सुधारत गेला. म्हणजे हाताची आठवण मेंदूत निराळ्या ठिकाणी असते आणि ती पुष्कळ दिवस टिकते. तात्यांना मी नातीचे नाव विचारले तर ते अडखळतात. तुटलेला धागा हातात दिला तर साचेवाल्याची गाठ डोळे मिटून मारतात. सवय ही अशा माणसाची शिल्लक पुंजी आहे. वेळ, जागा आणि क्रम रोज एकच ठेवला, तर आठवणीचे काम सवय करते.

आम्ही घरात जे केले ते आता सांगतो. ते औषध नव्हे, एका घराचा अनुभव आहे.

आम्ही जेवणाची वेळ अकरा, साडेतीन आणि सात अशी बांधली. डॉक्टरांनी दुसरी वेळ सुचवली होती. पण पंचवीस वर्षांची पाळी तात्यांच्या अंगात होती, तीच आम्ही घेतली. जागा तीच, भिंतीकडची. जेवताना टीव्ही बंद. आम्ही हौसेने पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या आणल्या होत्या. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात आणि दही त्यांना नीट दिसतच नव्हते, हे आम्हांला उशिरा कळले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, काही रुग्णांवर केलेल्या प्रयोगात ठळक रंगाची ताटे आणि पेले दिल्यावर त्यांचे खाणेपिणे वाढले होते. ते रुग्ण फार पुढच्या अवस्थेतले होते, पण मुद्दा आमच्या कामाचा होता. आईची पितळी माळ्यावरून काढली. चार वाट्या एकदम मांडल्या की ते गोंधळत, म्हणून आधी भाकरी-भाजी आणि मग भात. मासळीचे काटे काढूनच वाढतो. पाण्याचा तांब्या भरून समोर ठेवतो आणि आठवण करून देतो, कारण म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली कळत नाही. साखरेच्या गोळ्या मात्र त्यांच्या हाती ठेवीत नाही. गोळी दोनदा घेतली किंवा गोळी घेऊन जेवण राहिले, तर प्राणावर बेतू शकते. गॅसची किल्लीही आम्ही बंद ठेवतो.

त्यांना काम दिले आहे. लसूण सोलणे, पाने मांडणे. काम करून भूक लागलेल्या माणसाला जेवायला बोलवावे लागत नाही.

आणि भिंतीवर वही टांगली आहे, आईच्या वहीसारखी. तारखेपुढे तीन घरे. जेवण झाले की तात्या स्वतः रेघ ओढतात. पुढे कधी ‘जेवायला दिले नाही’ म्हणाले, तर मी वाद घालीत नाही; वही पुढे करतो. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही, स्वतःच्या रेघेवर आहे. रेघ पाहून ते म्हणतात, “अरे, झालं की!” हा उपाय रोज चालतो असे नाही. कधी ते जेवणाआधीच रेघ ओढून ठेवतात. कधी वही पाहूनही पटत नाही. अशा वेळी अर्धी भाकरी देतो. पहिल्या वेळी थोडे कमीच वाढलेले असते, ते याचसाठी. आणि ज्या दिवशी ते डबा घेऊन कामावर निघतात, त्या दिवशी गिरणी बंद झाली, जागा विकली, असा इतिहास मी त्यांना सांगत बसत नाही. एकदा सांगितला होता, तर ते पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडले. आता मी म्हणतो, “तात्या, आज रविवार.” तेवढ्याने ते डबा खाली ठेवतात. रविवारवर त्यांचा विश्वास आहे. हे असत्य आहे खरे, पण लोखंडे मला क्षमा करतील, असे वाटते.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी सांगतो. वर सांगितलेले सगळे एका बाजूला आणि कोणी तरी सोबत बसून जेवणे एका बाजूला. समोरचा माणूस घास घेताना दिसला की त्यांचा हात चालतो. तो उठला की थांबतो. सोबत बसायला लागतो तो अर्धा तास. तो आमच्या घरात कोणाकडेच नव्हता. पत्नी म्हणाली, “सकाळी पाचपासून मी लोकांच्या पोळ्या लाटते. अर्धा तास तुम्ही काढा.” मी काढला. आठवड्यातले चार दिवस अकराला मी घरी असतो, आणि युनियनच्या बैठका बारानंतर असतात. सुरुवातीला सहकारी कुरकुरले. मग एक म्हणाला, “माझ्याही घरी आई आहे.” दुसरा म्हणाला, “माझे सासरे.” कळले ते असे की, एका कमिटीच्या नऊ माणसांपैकी चौघांच्या घरी हेच होते, आणि कोणी कोणाला सांगितले नव्हते.

येथे प्रश्न घराबाहेर पडतो. ज्याच्या घरी अर्धा तास नाही, त्याने काय करावे? २००७ चा आईवडिलांच्या पोषणाचा कायदा मुलांना पैसे द्यायला लावू शकतो. शेजारी बसायला लावू शकत नाही. २०१४ मध्ये निवृत्तिवेतनाची किमान रक्कम महिना एक हजार रुपये ठरली, तेव्हा आम्ही ती वाढवण्यासाठी भांडलो आणि ते रास्तच होते. परंतु माझे म्हणणे असे की, वस्तीवस्तीत मंडळांची जी कार्यालये दुपारी कुलूपबंद असतात, तेथे म्हाताऱ्यांची एक पंगत का बसू नये? ठरलेली वेळ, ठरलेली जागा, शेजारी ओळखीचा माणूस, स्वयंपाक वस्तीतल्याच बायकांचा आणि त्यांना त्याचा योग्य मोबदला. ही कल्पना नवीन नाही. तिला आम्ही खानावळ म्हणत होतो. फरक एवढाच की, या वेळी पाण्याचा माठ एकच असावा, आणि वाढणाऱ्या बाईलाही अर्धा तास बसून जेवता यावे.

त्या गेटवरच्या रखवालदाराचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. त्याच्या कंत्राटदाराशी आमची बोलणी वर्षभर चालली. आता दुपारी अर्धा तास त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहतो. कायद्याने हे पूर्वीच व्हायला हवे होते, पण कायदा नेहमी चालत येत नाही. त्याला ओढून आणावे लागते. तात्यांना तो पोरगा आठवत नाही. मात्र त्या रस्त्याने आम्ही जातो तेव्हा तात्या गेटपाशी थांबतात आणि विचारतात, “जेवलास का?” कोणाला विचारतात, ते त्यांनाही सांगता येत नाही. तो मात्र रोज उत्तर देतो.

 घड्याळात पाहता माझी वेळ संपली आहे. उद्या अकराला मला घरी पोहोचायचे आहे, तेव्हा आपली रजा घेतो.